तळ्यावर हूद (पाणमांजर) परत परत येतो, काय करावं?

तक्रार दरवेळी तीच. सकाळी तळ्यावर जावं तर बांधावर कटल्याचं नुसतं डोकं, बाजूला खवल्यांचा सडा आणि पाण्यातले मासे तळाला दबून बसलेले. खाद्य टाकलं तरी वर येत नाहीत. मग चार-पाच रात्री काहीच होत नाही. माणूस निर्धास्त होतो आणि एका सकाळी परत तोच सडा. दोडामार्गाकडे व्हाळाच्या (ओढ्याच्या) किंवा नदीच्या जवळ ज्याचं मत्स्यतळं आहे, तो हेच सांगतो. माझंही तळं त्यातलंच. पाच गुंठ्यांचं, तिलारी नदीला मिळणाऱ्या एका व्हाळापासून हाकेच्या अंतरावर. पहिली तीन वर्षं मी हूद हाकलण्यात घालवली. चौथ्या वर्षी हाकलणं सोडलं आणि तळ्याच्या कडेकडे बघायला लागलो, तेव्हा कुठे त्रास आटोक्यात आला.

आधी नावाचा घोळ मिटवू. हूद म्हणजे पाणमांजर. उदमांजर हा वेगळा प्राणी: झाडावर चढणारा, फणस-केळी खाणारा, घराच्या माळ्यावर पिल्लं घालणारा. वर्तमानपत्रात फोटो एकाचा नि नाव दुसऱ्याचं असं बऱ्याचदा छापून येतं. ‘उदमांजर आलंय’ असं फोनवर सांगितलंत तर येणारा माणूस तळ्याकडे न जाता माळ्यावर बॅटरी मारेल.

भारतात पाणमांजराच्या तीन जाती आहेत. आपल्या कोकणातल्या नद्यांत, खाड्यांत दिसतं ते बहुतेक वेळा मोठं, मऊ केसांचं पाणमांजर. वजन ७ ते ११ किलो, शेपूट चपटी, आणि कुटुंबाने फिरणारं. सह्याद्रीतल्या डोंगराळ ओहोळांत दुसरी एक छोटी, लहान नखांची जात आहे, साधारण तीन किलोची, तिचा भर खेकड्यांवर. तिसरी युरेशियन, तिचा आपल्या तळ्यांशी संबंध नाही म्हटलं तरी चालेल. तळं रिकामं करणारी ती पहिली जात.

खात्री करा, चोर हूदच आहे का?

हा भाग लोक सोडून देतात आणि तिथेच फसतात. माझ्याकडे सल्ला विचारायला आलेल्यांपैकी निदान तिघांच्या तळ्यावर हूद फिरकलाही नव्हता.

मासे अख्खेच्या अख्खे, तोंड उघडं टाकून पहाटे तरंगताना दिसले तर तो प्राणवायूचा प्रश्न. पाणी हिरवंगार झालंय, दोन दिवस आभाळ भरून आहे, खाद्य जास्त पडलंय, असं असेल तर पहाटे तीन ते सहा या वेळात मासे गुदमरतात. त्यावर उपाय पाणी बदलणं किंवा फवारा लावणं. कुंपण घालून काही होणार नाही. बोटुकली सोडल्यावर पहिल्या महिन्यात संख्या घटली तर संशय पाणकावळ्यावर, बगळ्यावर, दिवडावर घ्या. पावसाळ्यानंतर मासे कमी भरले तर सांडव्यावरून वाहून गेले असतील. आणि नेमके मोठेमोठे गेले, बांधावर एक खवलाही नाही, असं असेल तर पाग (फेकायचं जाळं) घेऊन आलेला दोन पायांचा हूद शोधा. तो गावात कुणाला माहीत नसतो असंही नाही.

खरा हूद पुरावा ठेवून जातो. त्याची विष्ठा ठरलेल्या जागी असते: उंचवट्यावर, दगडावर, वाळूच्या पट्ट्यावर. काडीने उचकटून बघा. नुसते खवले, काटे, खेकड्याच्या कवचाचे तुकडे, आणि वास सुक्या मासळीच्या बाजाराचा. त्या जागी अख्खं कुटुंब येऊन जातं, त्यामुळे जुनी-नवी विष्ठा एकत्र दिसते. मोठा मासा तो पाण्याबाहेर आणून खातो, म्हणून डोकी नि शेपट्या काठावर. पाण्यात उतरायच्या जागी गवत लोळवल्यासारखं दबलेलं असतं.

तरी शंका राहिली तर मी करतो ते करा. बांधाच्या आतल्या कडेला हातभर रुंदीचा पट्टा खरवडा, त्यावर चाळलेली बारीक वाळू पसरा, पाणी शिंपडून हाताने सपाट करा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा सकाळी जे दिसलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. कुत्र्याच्या पावलात चार बोटं असतात. इथे पाच, पंख्यासारखी पसरलेली, बोटांमधल्या पडद्याची पुसट रेघ वाळूत उमटलेली. एक मोठी जोडी, मागून तीन लहान, आणि मध्येच शेपूट ओढल्याचा पट्टा. पाचही जण एकाच ठिकाणाहून चढले होते, सांडव्याच्या पाइपाशेजारून, आणि तिथूनच उतरले होते. तीन वर्षं मी त्या कोपऱ्याकडे पाठ करून बॅटरी घेऊन बसत होतो.

नुकसानीचा हिशेबही इथेच लावून टाकू. पिंजऱ्यातलं मोठं पाणमांजर दिवसाला साधारण किलोभर खातं. पाच जणांचं कुटुंब म्हणजे एका रात्री चार-पाच किलो मासळी. रोज येत नाहीत, कारण एका कुटुंबाचा फिरण्याचा टापू ७ ते १२ चौरस किलोमीटरपर्यंत असतो. तुमचं तळं हा त्या फेरीतला एक थांबा. पण खाल्लेल्यापेक्षा जास्त नुकसान भेदरलेल्या आणि ओरखडलेल्या माशांचं होतं. ते खाद्य घेत नाहीत, जखमेवर कापसासारखी बुरशी चढते आणि आठवड्याने मरतात. ते मरण हुदाच्या खात्यावर मांडायला लोक विसरतात आणि मग ‘रोगाचं’ औषध आणून ओततात.

काय करून फसलो

बल्ब लावला. चार रात्री कोणी आलं नाही, पाचव्या रात्री त्याच उजेडात पंगत बसली. आम्हालाच बघायला सोपं झालं. रेडिओ लावला, तो शेजाऱ्यांना नको झाला. फटाके वाजवले तर आठवडाभर शांतता मिळते, मग तेही अंगवळणी पडतात. कुत्रा बांधला. एकट्या हुदावर तो धावून गेला असता, पण कुटुंबापुढे त्याचं काही चाललं नाही, नाक फाडून घेतलं बिचाऱ्याने. कुत्रा भुंकून जागं करतो एवढा उपयोग आहे, मोकळा मात्र सोडू नका. पिल्लं सापडली तर तो फाडतो. कुणीतरी फिनाईल शिंपडायला सांगितलं होतं. बांधावर शिंपडलेलं फिनाईल पहिल्या सरीला तळ्यातच उतरतं, हे सांगणाऱ्याच्या लक्षात आलं नसावं.

फासकी आणि विष. हे सुचवणारे बरेच भेटतील, म्हणून स्पष्ट लिहितो. पाणमांजराला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं संरक्षण आहे. मारणं, पकडणं, पिल्लू पाळणं, सगळाच गुन्हा आणि त्याला तुरुंग आहे. कातडीसाठी आणि अलीकडे पाळीव म्हणून विकण्यासाठी यांची तस्करी एवढी वाढली की मऊ केसांचं आणि लहान नखांचं, अशा दोन्ही जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१९ मध्ये साइट्स करारात (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पार बंद करावा लागला. कायद्याची भीती बाजूला ठेवली तरी फासकी कामाची नाही. आमच्या वाडीत डुकरासाठी लावलेल्या फासकीत शेजाऱ्याची गाभण शेळी गेली. शिवाय एक कुटुंब संपवलंत तरी नदीचा तो टापू रिकामा राहत नाही. तळं तिथंच, वाट तिथंच, वर्ष-दोन वर्षांत दुसरं कुटुंब त्याच पाइपाशेजारून चढतं.

माझा सगळ्यात जास्त संताप झाला होता तेव्हा शेजारचे तात्या बांधावर उकिडवे बसून शांतपणे म्हणाले होते, “अरे, तेका मासो दिसता. तुजो सातबारो दिसणा नाय.”

काय चाललं

कुंपण. पण कुठलंही नाही. पहिल्यांदा मी फक्त व्हाळाकडची बाजू बंद केली. तिसऱ्या रात्री वाळूवर ठसे दिसले ते पलीकडच्या बाजूने, सगळा वळसा घालून. तेव्हा करायचं तर चहूबाजूंनी, नाहीतर पैसे घालवू नका.

दोन इंची चेनलिंक जाळी, जमिनीवर चार फूट. खालची दीड फूट जाळी जमिनीत सरळ गाडायची नाही. आमच्याकडे जांभा, खोदणार किती? ती बाहेरच्या बाजूला आडवी वळवायची, जमिनीवर पसरायची आणि तिच्यावर चिरे मांडायचे. हूद जाळीच्या अगदी मुळाशी उकरायला लागतो आणि पायाखाली जाळीच लागते. दीड फूट मागे सरकून तिथून उकरावं हे त्याला सुचत नाही. वरची फूटभर जाळी बाहेर कललेली आणि जरा सैल ठेवायची, कारण तो चढतो. ताणून बसवलेल्या जाळीवर तो शिडीसारखा जातो, सैल जाळी त्याच्या वजनाने डोलते नि तो मागे येतो.

कुंपण व्हाळाच्या काठाला भिडवू नका. दहा-पंधरा फूट जागा सोडा, तिथलं करंज, शेवरं, गवत तसंच राहू द्या. मी आधी अगदी काठापर्यंत गेलो होतो, त्यांची रोजची वाटच अडवली. दर रात्री तिथे उकरलेलं असायचं. कुंपण मागे घेतलं आणि उकरणं थांबलं. आता ते जाळीला वळसा घालून पुढे जातात.

सांडवा आणि आत येणारा पाइप या खऱ्या फटी. दोन्ही तोंडांना लोखंडी गज बसवले. इथे एक अडचण आहे आणि तिच्यावर मला पुरता उपाय सापडलेला नाही. पावसात पालापाचोळा गजांना अडकतो, पाणी तुंबतं, आणि एका रात्रीच्या मुसळधार पावसात बांधावरून पाणी गेलं तर हूद पाच वर्षांत खाणार नाही एवढे मासे एका तासात व्हाळात. जून ते ऑगस्ट सकाळ-संध्याकाळ गज साफ करणं हेच काम. मी गजांपुढे दोन हातांवर बांबूची तिरकी ताटी लावलीय, मोठा पाला तिथे अडतो. तरी जोराच्या पावसाच्या रात्री झोप लागत नाही.

झटका मशीन काही जण लावतात. सोलरवर चालणारं, धक्का देऊन सोडणारं असेल तर कुंपणाबाहेर जमिनीपासून वीतभर उंचीवर एक तार पुरते. गवत वाढून तारेला टेकलं की झटका जमिनीत जातो, म्हणून दर आठवड्याला गवत काढायची तयारी असेल तरच. खांबावरची वीज थेट तारेत सोडणाऱ्याशी मी वाद घालत नाही, त्याच्या घरच्यांना जाऊन सांगतो. ओल्या बांधावर त्या तारेला पहिला हात मालकाचाच लागतो.

ज्यांना कुंपण परवडत नाही त्यांनी तळ्याच्या मध्यावर बांबूच्या फांद्यांच्या जुड्या दगड बांधून बुडवाव्यात. मासे त्यात घुसतात आणि हुदाला पाठलाग जमत नाही. माझ्या मते हा निम्मा उपाय. मासेमारीच्या दिवशी त्या जुड्या सगळ्या बाहेर काढाव्या लागतात, नाहीतर ओढजाळ्याच्या चिंध्या होतात. एक जुडी विसरलो होतो, अर्धा दिवस जाळं शिवत बसलो.

आणि वेळ. पावसाळा संपता संपता यांच्यात पिल्लांचा हंगाम सुरू होतो, त्यामुळे थंडीत खाणारी तोंडं वाढलेली असतात. फेब्रुवारीनंतर व्हाळ आटतो, नदीत कोंडी (खोल डोह) तेवढ्या उरतात, आणि सगळ्या परिसरात भरलेलं, मासे दाटलेलं पाणी म्हणजे तुमचं तळं. मी आता मोठे मासे जानेवारीपासून टप्प्याटप्प्याने काढून विकतो. एप्रिलमध्ये भाव चांगला मिळतो हे मान्य, पण तोवर ते मासे माझेच राहतील का, याचाही विचार करावा लागतो.

नदीत, खाडीत जाळं टाकणाऱ्यांसाठी

तळ्याचं कुंपण होतं, नदीचं होत नाही. कांडाळ (पाण्यात उभं लावायचं जाळं) रात्रभर लावून ठेवली की हूद त्यातला मासा ओढून घेतो आणि मासा सुटेपर्यंत जाळं फाटतं. त्याला ते आयतं वाढलेलं ताट वाटतं. कावेरीकाठचे मच्छीमार हीच तक्रार करतात. जाळं संध्याकाळी लावून दोन-तीन तासांत उचललं तर नुकसान बरंच कमी होतं, हे आमच्याकडच्या दोघांनी करून पाहिलंय. मासळी थोडी कमी लागते, पण जाळं शिवायचा दिवस वाचतो. ज्या कोंडीच्या काठी बिळं आहेत, ताजी विष्ठा आहे, तिथे जाळं न लावलेलं बरं. हुदाला श्वासासाठी वर यावंच लागतं. पिल्लू नायलॉनमध्ये गुरफटलं की संपलं. फाटकं जाळं पाण्यात सोडून देऊ नका, ते मासे आणि पिल्लं दोन्ही मारत राहतं.

गोव्यात चोडणच्या बाजूला, मांडवीच्या खारफुटीत आणि खाजणांत हेच पाणमांजर राहतं. तिथे भरती-ओहोटीच्या मानसीवर (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारावर) त्याचा वावर असतो, तेव्हा गजांचा नि ताटीचा प्रश्न त्यांचाही. गंमत म्हणजे सिंगापूरलाही हीच जात. नद्या साफ केल्यावर नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस ती तिथे परतली आणि आता बंगल्यांतल्या तळ्यांमधले महागडे कोई मासे फस्त करते. तिथल्या लोकांनाही सल्ला मिळतो तो कुंपणाचा नि फटी बुजवण्याचाच. बांगलादेशात नडाइलकडचे मच्छीमार तर पाळलेली पाणमांजरं दोरीला बांधून त्यांच्याकडून मासे जाळ्यात हाकून घेतात. आपल्याकडे हे करायला जाऊ नका, वर कायदा लिहिलाय.

एवढं करूनही येतोच तर

मग तळ्याकडे न बघता नदीकडे बघा. आमच्या वरच्या अंगाला एका उन्हाळ्यात कुणीतरी कोंडीत ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारले. पोतंभर मासे नेले असतील, पण कोंडीतलं सगळंच मेलं, चिंगुळ, खेकडे, पिल्लं. त्या महिन्यात माझ्या जाळीभोवती जेवढं उकरलं गेलं तेवढं आधी नि नंतर कधी नाही. विष्ठेत एरवी खेकड्याची कवचं जास्त असायची, त्या दिवसांत मला नुसते कार्पाचे खवले सापडले. एका महिन्यावरून सिद्धांत मांडत नाही. पण जिलेटीन, ब्लीचिंग, वाळूउपसा, काठावरची झाडं तोडून घातलेला काँक्रीटचा बंधारा, यातलं काही झालं की तळेवाल्यांनी तयार राहावं. नदीत जेवण नाही आणि काठाला बीळ नाही, अशा वेळी तो तुमच्याकडेच येणार. ब्लीचिंगचा विषय आम्ही ग्रामसभेत काढला. पुढच्या वर्षी कोंडीवर दोन पोरं राखणीला बसली. मासे परत यायला दोन पावसाळे लागले.

नुकसानभरपाईचं बरेच विचारतात. मासळीची भरपाई मिळेल असं धरून मी चालत नाही, मला मिळालेली नाही. तरी फोटो, तारीख, किती किलो गेलं याची वही ठेवा आणि वनखात्याला लेखी कळवा. निदान इथे पाणमांजर आहे याची नोंद तर होते. जखमी जनावर, जाळ्यात अडकलेलं किंवा एकटं पिल्लू दिसलं तर वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा आणि पिल्लू उचलू नका. आई पिल्लांची जागा बदलत असते, बहुतेक वेळा ती मागे झुडपातच असते.

माझ्याकडे शेवटचा प्रसंग गेल्या जुलैतला. सलग तीन वर्षं आत एकही ठसा नव्हता. एका सकाळी परत डोकं बांधावर. जाळी धड, चिरे जागेवर, गज साफ. अर्धा दिवस शोधलं. फाटकाखालची माती पावसाने वाहून गेली होती, चार-पाच बोटांची फट. पिल्लू सहज जाईल, आणि मोठंही अंग चपटं करून जातं हे वाळूने दाखवून दिलं. दुसऱ्या दिवशी फाटकाखाली चिऱ्याचा उंबरा बसवून सिमेंटने सांधला. तुमच्या फाटकाखाली उंबरा नसेल तर जाळीची ऑर्डर द्यायच्या आधी तो घालून घ्या.